गुडघ्यातील गादी आणि कामगाराची रजा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, संप किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी कशावर तरी बोलू अशी त्यांची कल्पना होती. आम्ही ‘गुडघा’ हा विषय कळविला, तेव्हा चिटणीसांनी दूरध्वनी करून ‘नक्की गुडघाच ना?’ अशी खात्री करून घेतली. आम्ही वैद्य नाही. आठवीनंतर आमची शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात, ग्रंथालयाच्या बाकावर आणि डॉक्टरमंडळींना प्रश्न विचारून विचारून झाले. पण तीस वर्षे आम्ही अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कामगारांची गाऱ्हाणी ऐकत आलो, आणि त्यांतली बरीचशी गुडघ्यापाशी येऊन थांबतात. शिवाय आमचा स्वतःचा डावा गुडघा या विषयावर रोज व्याख्यान देतो. त्याचे आज थोडे भाषांतर करावयाचे आहे.

गुडघ्यात जी वस्तू फाटते तिला डॉक्टर ‘मेनिस्कस’ म्हणतात, पुस्तकात कूर्चा म्हणतात आणि आपण गादी म्हणतो. आम्हांला विचाराल तर तिला चुंबळ म्हणावे. डोक्यावरून हंडा नेणाऱ्या बाईला चुंबळ कशाला लागते? हंड्याचे बूड गोल, डोके त्या मानाने सपाट. मध्ये काही नसले तर सारा भार एका ठिकाणी टोचतो. चुंबळ ती पोकळी भरून काढते आणि भार पसरविते. गुडघ्यातही मांडीच्या हाडाचे टोक गोल आणि नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट असतो. त्या दोहोंमध्ये, एक आतल्या अंगाला आणि एक बाहेरच्या अंगाला, अशा चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चुंबळी बसविलेल्या आहेत. सरळ उभे असताना गुडघ्यावरचा सुमारे निम्मा भार त्या उचलतात, आणि गुडघा काटकोनात वाकला की त्याहून पुष्कळ अधिक. म्हणजे उकिडवे बसणाऱ्या माणसाला या चुंबळीची गरज सर्वांत जास्त, आणि उकिडवे बसण्यातच तिची मागची कड सर्वांत अधिक चेपली जाते.

ही गादी फाटते कशी? तरुणपणी पाय जमिनीत रुतलेला असताना अंग वळले म्हणजे. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा धरला आणि तो मागे वळला की झाले. उतारवयात ती झिजून, जुन्या धोतरासारखी, विशेष कारण न होताच विरते. या दोन फाटण्यांत फरक आहे आणि तो आरंभीच सांगितलेला बरा. पन्नाशीतल्या पुष्कळांच्या एम. आर. आय.च्या अहवालात ‘गादी फाटली आहे’ असे येते आणि घरचे लोक घाबरतात. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ रुग्णांवर एक धाडसी प्रयोग झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. झिजून फाटलेली गादी निम्म्या लोकांची खरोखर छाटली, आणि निम्म्यांवर शस्त्रक्रियेचे नुसते नाटक केले. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा सभागृहातील आमच्या वयाच्या मंडळींनी अहवाल हाती येताच शस्त्रक्रियेसाठी धावू नये. व्यायाम आणि वजन यांचा विचार आधी करावा. आजचे आमचे बोलणे मुख्यतः झटक्याने फाटलेल्या गादीविषयी, आणि ती शिवल्यानंतर माणूस बरा होतो की नाही हे कशावर ठरते त्याविषयी आहे.

गादी शिवण्याची कल्पना नवी नाही. एडिंबरो येथील थॉमस अ‍ॅनंडेल या शस्त्रवैद्याने १८८३ साली ती प्रथम शिवली. कोणाची? एका खाणकामगाराची. आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. इतिहासातील पहिली शिवलेली गादी गुडघे टेकून राबणाऱ्या मजुराची होती, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. पुढे मात्र शिवण मागे पडली आणि कात्री पुढे आली. १८९७ च्या सुमारास लंडनचा ब्लँड-सटन हा नामांकित शस्त्रवैद्य लिहून गेला होता की, या गाद्या म्हणजे एका स्नायूचे निरुपयोगी अवशेष होत. निरुपयोगी वस्तू फाटली तर काढून टाकावी, हे ओघानेच आले. तब्बल पन्नास वर्षांनी, १९४८ साली, फेअरबँक याने गादी काढलेल्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे पाहून दाखवून दिले की, तो सांधा हळूहळू बदलतो आणि झिजू लागतो. त्याच १९४८ साली आपल्या देशात कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. या दोन गोष्टींची गाठ पुढे कशी पडते ते आम्ही सांगणारच आहोत. दुर्बीण घालून गुडघ्यात काम करण्याची विद्या जपानात वाढली. टोकियोच्या वातानाबे यांनी १९६२ साली दुर्बिणीतून गादीचा फाटका तुकडा तेवढा काढला, आणि तिथल्याच इकेउची यांनी १९६९ साली दुर्बिणीतून गादी शिवली.

ही विद्या आमच्या गुडघ्यापर्यंत वेळेवर पोहोचली नाही. १९९३ साली मुलुंडला कबड्डी खेळताना आमची आतल्या अंगाची गादी फाटली आणि एका रुग्णालयात ती सगळीच्या सगळी काढली. तीन आठवड्यांत आम्ही कामावर गेलो आणि डॉक्टरांना पेढे दिले. खरोखरच आम्ही खूश होतो. चुंबळ काढली तरी हंडा त्या दिवशी पडत नाही. पंधरा वर्षांनी गुडघा बोलू लागला. आज घाटकोपर स्थानकाच्या पुलावरून आम्ही खेकड्यासारखे तिरके उतरतो. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिच्यात लोकांना वेग आवडला, आम्हांला उद्वाहन आवडले.

आता मुद्द्याला येतो. छाटणे आणि शिवणे यांत निवड करावयाची असते तेव्हा नेमके काय पाहतात? पहिली गोष्ट, फाटले कुठे. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्ताचा पुरवठा आहे. आतल्या पातळ कडेला जवळजवळ नाही. जिथे रक्त पोहोचते तिथे जखम भरते. नदीकाठच्या आणि माळावरच्या जमिनीत जो फरक, तोच इथे. बाहेरच्या कडेची उभी, सरळ चीर शिवली तर सांधते. आतल्या कडेच्या चिंध्या शिवून उपयोग होत नाही, त्या छाटाव्याच लागतात. दुसरी गोष्ट, फाटल्याला किती दिवस झाले. ताजी चीर स्वच्छ असते. त्यावर महिनोन् महिने चालत राहिले की कडा झिजतात, चीर लांबते, कधी बादलीच्या कडीसारखा तुकडा उलटून सांध्यात अडकतो आणि गुडघा सरळच होत नाही. असा अडकलेला गुडघा घेऊन तेल लावणाऱ्याकडे जाऊ नये. तिसरी गोष्ट, गुडघ्यातला मुख्य बंध, ज्याला डॉक्टर लिगामेंट म्हणतात, तो शाबूत आहे की नाही. तो तुटलेला असेल आणि तसाच सोडला, तर गुडघा सरकत राहतो आणि शिवण उसवते. उलट, बंध आणि गादी यांची दुरुस्ती एकाच वेळी केली तर गादी अधिक चांगली सांधते असे अनुभवास आले आहे. बंधासाठी हाडाला भोके पाडतात, त्यांतून मज्जेतले रक्त सांध्यात उतरते, आणि ते शिवणीच्या कामी येते, असे त्याचे कारण मानले जाते.

वयाचा बाऊ पूर्वी होता तितका आता करीत नाहीत. विडीचा मात्र करावा. धूम्रपान करणाऱ्यांच्या शिवणी अधिक निकामी होतात असे काही पाहण्यांत आढळले आहे. तंबाखू रक्तवाहिन्या आकसविते, आणि इथे तर मुळातच रक्ताची टंचाई. तंबाखू ओढली काय नि गालात धरली काय, ती शेवटी रक्तातच जाते. आमच्या मळणाऱ्या बांधवांनी पळवाट शोधू नये. मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणावी. पोटरी अचानक सुजली व दुखू लागली, धाप लागली, किंवा ताप येऊन गुडघा लाल व गरम झाला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

इतके सारे जमले तरी सगळ्या शिवणी टिकत नाहीत. पाच वर्षांहून अधिक काळ रुग्णांचा पाठपुरावा केलेल्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा सुमारे २३ टक्के शिवणी निकामी झाल्याचे दिसले. चारांतल्या तिघांचे चांगले होते, एकाचे नाही. हा आकडा डॉक्टरांनी आधी सांगावा आणि रुग्णाने आधी विचारावा.

शस्त्रक्रिया तासा-दीड तासाची असते. तिच्यानंतरचे महिने हे खरे काम. चीर कोणत्या प्रकारची आहे ते पाहून पहिले चार ते सहा आठवडे कुबड्या, पट्टा आणि गुडघा काटकोनापलीकडे न वाकविण्याची ताकीद असते. काही चिरांना पाय सरळ ठेवून थोडा भार चालतो, काहींना अजिबात चालत नाही. शेजारच्या माणसाला काय सांगितले होते यावर जाऊ नये. या काळात मांडीचा पुढचा स्नायू पाहता पाहता वाळतो, म्हणून पहिल्या आठवड्यापासून पाय ताठ उचलणे, टाच सरकविणे हे व्यायाम सांगतात. ते कंटाळवाणे असतात, आणि म्हणूनच सुटतात. उकिडवे बसणे, मांडी घालणे, ओझे घेऊन वाकणे याला साधारण चार ते सहा महिने बंदी. फाटका तुकडा छाटला असता तर माणूस काही आठवड्यांतच कामाला लागतो.

ही बंदी कागदावर वाचायला सोपी आहे. ती आमच्या वस्तीत आणून पाहा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे, संडास गल्लीच्या टोकाला, आणि तो उकिडवे बसण्याचा. डॉक्टर म्हणतात, कमोडची खुर्ची आणा. खुर्ची मिळते, ठेवायची कुठे? दिवसा ती दाराबाहेर राहते आणि येणारा-जाणारा तिच्याकडे पाहतो. पाणी खालून भरायचे. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे आठवड्यातून तीनदा जायचे म्हणजे रिक्षाचे भाडे, किंवा लोकलचा जिना. घरकाम करणाऱ्या बायांचे तर विचारूच नका. चार घरच्या लाद्या उकिडवे बसून पुसायच्या. चार महिने बंद ठेवल्या तर पाचव्या महिन्यात ती घरे दुसऱ्या बाईची झालेली असतात. मुलुंडच्या एका बाईंना आम्ही स्वतः म्हटले, “ताई, शिवूनच घ्या.” त्या म्हणाल्या, “भाऊ, तेवढे दिवस तुमच्या वहिनी येतील का माझ्या कामावर?” त्यांनी छाटून घेतली. त्यांचे चुकले असे म्हणण्याची आमची हिंमत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, कामगाराच्या गुडघ्यात सुई जाणार की कात्री, हे पुष्कळदा गादीत रक्त किती आहे त्यावर ठरत नाही. खिशात रजा किती आहे त्यावर ठरते. दोन माणसांची हकिगत सांगतो. नावे सांगत नाही.

पहिला माणूस मरोळच्या एका कारखान्यातला, राज्य विम्याचा कार्डधारक. २०१८ साली साचा उचलताना पाय वळला आणि गादी फाटली. आता विम्याचा हिशेब ऐका. साधे आजारपण असेल तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. कामावर झालेली इजा असेल तर पगाराच्या ९० टक्के, आणि तेही अपंगत्व टिकेल तोवर. सत्तर आणि नव्वद यांतला फरक तर मोठा आहेच. पण त्याहून मोठा फरक ‘९१ दिवस’ आणि ‘बरे होईपर्यंत’ यांत आहे. आणि हा फरक अपघाताच्या नोंदवहीतील एका ओळीवर लटकलेला असतो. कारखान्याच्या दारावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक होता आणि आकडा मोठा झाला होता. पर्यवेक्षकाने त्याला खांद्यावर हात ठेवून सांगितले, “घरी पडलो असे लिही, पगाराचे आम्ही बघू.” त्याने आम्हांला विचारले. त्या आठवड्यात आमची बोनसची बोलणी रंगात आली होती. आम्ही म्हटले, “आत्ता वाद नको.” हे वाक्य आमचे आहे आणि ते आम्ही इथे जाहीरपणे सांगत आहोत.

त्याची गादी शिवली. काम उत्तम झाले, जागा रक्ताची होती, विडी तो ओढत नव्हता. सगळे पत्ते त्याच्या बाजूचे. ९१ दिवस संपले. पगाराचे बघणारा पर्यवेक्षक तोवर बदलून गेला होता. चौदाव्या आठवड्यात तो साच्यांच्या खात्यात उभा राहिला, आणि सतराव्या आठवड्यात खालच्या फळीवरचा साचा काढायला उकिडवा बसला असता गुडघ्यात कट्ट असा आवाज झाला. दुसऱ्या शस्त्रक्रियेत शिवलेला भाग छाटून टाकावा लागला. डॉक्टरांच्या कागदावर ‘शिवण निकामी’ एवढेच आहे. ती कशाने निकामी झाली यासाठी त्या छापील कागदात रकाना नाही.

दुसरा माणूस मराठवाड्यातून आलेला, पंचविशीचा, लादी बसविणारा. भांडुप-मुलुंडकडे पूर्वी जिथे कारखाने होते तिथे आता मनोरे उभे राहत आहेत. त्यांतल्या दिवाणखान्यांच्या लाद्या याने उकिडवे बसून बसविलेल्या. त्याला विमा नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, पण मंडळात नाव घालायचे तर वर्षातून ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा, आणि ठेकेदार दर दोन महिन्यांनी बदलतो. २०२२ साली त्याचा गुडघा अडकला. बादलीच्या कडीसारखी चीर होती. तो आम्हांला म्हणाला, “काका, कापलं तर महिन्यात कामावर. शिवलं तर सहा महिने. काय करू?” आम्ही आमची विजार वर करून त्याला आमचा गुडघा दाखविला. दुसरा उपदेश केला नाही.

त्याने शिवून घेतली. लादीवाल्यांच्या टोळीत बाराजण होते. त्यांनी भिशीचा पहिला नंबर त्याला दिला आणि दर शनिवारी वर्गणी काढली. त्याची खोली वरच्या माळ्यावर होती. दोन महिने तळमजल्याच्या एका मावशींनी आपली ओटी दिली. दहाव्या आठवड्यात ठेकेदाराचे बोलावणे आले. टोळीच्या मुकादमाने त्याला सांगितले, हा खाली बसणार नाही, उभ्याने लादी कापील. कापण्याचे यंत्र विटांवर चढवून कमरेइतके उंच केले. अर्ध्या रोजावर त्याने तीन महिने उभ्याने लाद्या कापल्या आणि सातव्या महिन्यात तो पुन्हा फरशीवर बसला. गेल्या दिवाळीपर्यंत गुडघा चांगला होता. चारांतल्या त्या चौथ्याची पाळी त्याच्यावर येणार नाही, असे कोणी सांगू शकत नाही. कारण काम तेच आहे.

विमा असलेल्याची शिवण उसवली आणि विमा नसलेल्याची टिकली, यावरून कोणी विमा निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नये. ब्लँड-सटनने गादीविषयी तसाच अर्थ काढला होता. मरोळच्या त्या माणसाला विम्याने तेरा आठवडे दिले. उरलेले आठवडे नोंदवहीतल्या त्या ओळीने खाल्ले. लादीवाल्याला ते बारा जणांनी आपल्या खिशातून दिले. पण बारा लादीवाल्यांनी दर वेळी असे करावे ही काही व्यवस्था नव्हे. त्यांच्यातल्या आणखी दोघांचे गुडघे आताच कुरकुरत आहेत.

इतर देशांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. पश्चिम जर्मनीने १९५२ साली जमिनीखाली काम करणाऱ्या खाणकामगारांच्या गादीची इजा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातली, आणि १९८८ साली ती सवलत गुडघ्यावर ताण देणाऱ्या इतर धंद्यांनाही दिली. ब्रिटनने २००९ साली खाणकामगारांच्या आणि २०१० साली गालिचे व फरश्या बसविणाऱ्यांच्या गुडघ्याची झीज यादीत घेतली. यादीत नाव आले की, ‘अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी पडलो’ हे सिद्ध करण्याचा जाच कमी होतो. अमुक वर्षे अमुक काम केले एवढे पुरते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची यादी आम्ही बोट ठेवून वाचली. शिसे आहे, पारा आहे, यंत्रांच्या आवाजाने आलेला बहिरेपणा आहे, दमा आहे. गुडघा नाही. ज्या देशात निम्मे काम जमिनीवर बसून होते, त्या देशाच्या यादीत गुडघा नाही.

ती यादी बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसणे आम्हांला परवडणारे नाही. २०१८ नंतर आम्ही आमच्या सभासदांना एक सवय लावली: लागले की त्याच पाळीत नोंदवहीत लिहायचे, साक्षीदाराचे नाव घालायचे आणि पानाचे छायाचित्र काढून ठेवायचे. बोनसची बोलणी चालू असली तरी. दुसरे म्हणजे, करारांत हलक्या कामाचे कलम. शस्त्रक्रियेनंतर सहा महिने पूर्ण होईपर्यंत कामगारास उकिडवे बसण्याचे किंवा वाकून ओझे उचलण्याचे काम देऊ नये, असे ते कलम. एका कारखान्यात ते मान्य झाले, दोन ठिकाणी अडले आहे.

ज्या ठिकाणी मान्य झाले, तिथली गंमत सांगतो आणि थांबतो, कारण अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले. मसुद्यातील ‘उकिडवे’ या शब्दापाशी व्यवस्थापनाचे तरुण अधिकारी अडले. शिकलेले होते, सभ्य होते, म्हणाले, “हा शब्द आम्हांला माहीत नाही, व्याख्या द्या.” आमच्या शेजारी बसलेल्या कामगार प्रतिनिधीने शब्दकोश मागविण्याची सूचना केली. आम्ही म्हटले, शब्दकोश कशाला? खुर्ची मागे सारली आणि त्यांच्या गालिच्यावर बसून दाखविले. त्यांनी तो शब्द मसुद्यात ठेवला. आम्हांला मात्र उठता येईना. शेवटी त्या अधिकाऱ्यांनी एका बाजूने आणि प्रतिनिधीने दुसऱ्या बाजूने काखेत हात घालून उभे केले, तेव्हा कुठे सही करता आली.